चांदीच्या पेल्याचा पोचा

मू हंगच्या भट्टीतून पोचा असलेलं भांडं कधी बाहेर गेलं नव्हतं. कच्चं असताना दिसला तर माती परत मळायची, भाजल्यावर दिसला तर भांडं मागच्या खापरांच्या ढिगावर. पांढऱ्या भांड्यांच्या त्या चिनी गावात त्याचं मोठेपण एवढंच, आणि तो ते जरा जास्तच जपायचा.

म्हणून खांगबाईंनी वारलेल्या नवऱ्याचा चांदीचा पेला पुढ्यात ठेवला, तेव्हा त्याला आधी दिसला तो पोटावरचा पोचा. मग समरकंदकडची कारागिरी: गोल कान, त्यावर अंगठा टेकायला पट्टी, काठाखाली मण्यांची ओळ.

"थडग्याच्या दगडापायी चांदी मोडतेय," बाई म्हणाल्या. "मातीचा करून द्या, मूदादा. अगदी अस्साच."

"चांदी लाजेल असा करतो, वहिनी."

पेल्याभोवती ओली माती दाबून त्यानं साचा घेतला. पोच्याच्या जागी साच्यात बारीक उंचवटा आला. तो त्यानं बांबूच्या सुरीनं हळूच तासून टाकला.

"विचारायचं तरी त्यांना," बायको म्हणाली.

"काय विचारू? तुमच्या भांड्याला खोड आहे, ठेवू का म्हणून?"

चांदी सोनाराच्या मुशीत गेली. मातीचा पेला भट्टीतून निघाला तो ताज्या बर्फासारखा.

खांगबाईंनी तो हातात घेतला. अंगठा पट्टीवर बसला. बोटं पोटावरून फिरली, पुन्हा फिरली.

"सुरेख झालाय," त्या म्हणाल्या. मग, "लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हा त्यांच्या अंगावर भिरकावला होता. लागला चौकटीला. जन्मभर त्या पोच्यात बोट ठेवून प्यायचे, अन् म्हणायचे, बाईसाहेब, नेम कच्चा तुमचा."

मू हंग पुढे झाला. "दुसरा करतो, वहिनी. कुठं होता तेवढं दाखवा."

बाईंनी बोट टेकवलं. उचललं. जरा खाली, कानाकडे टेकवलं. "इथं... नाही, थांबा." गुळगुळीत पोटावर ते बोट कितीतरी वेळ जागा शोधत राहिलं. मू हंगलाही आठवेना. त्यानं पोचा पाहिला होता तो काढून टाकायच्याच नजरेनं.

"राहू द्या," म्हणत त्यांनी पेला फडक्यात गुंडाळला.

त्या साच्याचे पेले पुढे शहरात फार खपले. माती ओली असेपर्यंत मू हंग प्रत्येकाच्या पोटावर बोट दाबून बघायचा, इथं असेल का. मग ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा.