नक्कल असलबरहुकूम

मी आसेगावच्या वावरांचा नकाशा. बोलायला तर लागलोय, पण माझ्या बोलण्यावर कितपत विसंबावं हे मी सांगणार नाही. नकाशानं असं म्हणू नये, हे मला कळतं.

माझा जन्म १९०९ सालचा. वावरांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, रोजची डोकेफोड चाललेली, म्हणून गावानं मिळून शालिग्राम मोजणीदाराला बोलावलं. माणूस हुशार, अक्षर मोत्यासारखं. त्यानं खुणा केल्या, आकडे लिहिले. साखळी ओढली ती गावानं. एक टोक अन्सारमिया नावाच्या शेतकऱ्यानं धरलं, दुसरं जो सापडला त्यानं. मोजणीदाराला दोन्ही वेळची भाकर गावातून वावरात यायची. काम संपलं आणि मी त्याच्यासोबत शेलूबाजारला त्याच्या घरी गेलो. मी कोणाचा, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. गाव भाकर बांधून देण्यात गुंतलं होतं.

पहिल्या काही नकला शालिग्रामनं फुकट दिल्या. एकीचा कागद लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधला गेला, एकीनं चूल पेटली. तेव्हापासून त्यानं फी लावली. "फुकटची किंमत राहत नाही," तो म्हणायचा. मला ते पटलं. अजूनही थोडं पटतं. त्याच फीतून त्यानं मला पत्र्याची पेटी घेतली; नाहीतर वाळवीनं माझा निकाल कधीच लावला असता.

नक्कल करायची त्याची रीत अशी. माझ्याखाली कोरा कागद ठेवायचा, वावराच्या प्रत्येक कोपऱ्यावर सुई टोचायची आणि खाली उमटलेली टोचणं रेघांनी जोडायची. म्हणजे विकली जायची नक्कल आणि टोचला जायचो मी. शास्त्राला इतकं चालतंच.

माझं सर्वांत मोठं गिऱ्हाईक दिलावर. अन्सारमियाचा धाकटा मुलगा. त्याच्या वावरातून भावाच्या वावराकडे जाणारी बैलगाडीची पांदण होती. भाऊ रज्जाक वारला, मागे त्याची बायको सकीना राहिली. तेव्हापासून दिलावर पेरणीआधी दरसाल त्या पांदणीची नवी नक्कल नेई आणि पांदणीत नांगराचा एक तास, म्हणजे एक चर, आणखी घाली. आपण किती खाल्लं, हे कागदावर पडताळून खाणारा माणूस! इतका काटेकोरपणा मी शाळामास्तरांतही पाहिला नाही.

यंदा त्यानं पांदण पुरतीच नांगरली. सकीनाबीनं पंच बसवले. पंच म्हणाले, जुना कागद आणा. बाजाराच्या दिवशी ती शालिग्रामच्या ओसरीवर आली.

"भाऊसाहेब, नक्कल नोको. नुसता कागद दाखवा. पांदन हाय का नाही, येवढंच पाह्यचं हाय."

"बाई, पाहिलं की काम झालं. मग फी कोण देईल?"

"काहून? माह्या सासऱ्यानं साखळी धरली व्हती. तुमाले वावरात भाकर आनून देली. त्यानं मांगली व्हती का फी?"

"ती भाकर. हे शास्त्र आहे."

"भाकरीवरच चाललं ना तुमचं शास्त्र? उपाशी तर नोव्हतं!"

शालिग्राम पेटीवर हात ठेवून बसून राहिला. तेव्हा पांदण माझ्या अंगावर होती. टोचणांनी चाळण झालेली, पण दिसत होती. झाकण उघडायचाच काय तो अवकाश होता.

पुढच्या बाजारी ती दुभती बकरी विकून आली. मधल्या दिवसांत दिलावर येऊन एक शेवटची नक्कल घेऊन गेला होता. शालिग्रामनं फी मोजून घेतली, मला उलगडलं, आणि पांदणीचा तुकडा गळून खाली पडला. तो इतका जीर्ण होता की बोट लावताच त्याचा भुगा झाला.

"आता?" सकीनाबीनं विचारलं.

"जे दिसतं तेवढंच काढीन. अंदाजानं रेघ मारणं पाप आहे."

"पन पांदन तुमीच मोजली ना? पंचाईले तोंडानं सांगा!"

"आठवणीची नक्कल देता येत नाही, बाई."

मग त्यानं माझी नक्कल केली, पांदणीच्या जागी कोरी. खाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'असलबरहुकूम', म्हणजे मुळाप्रमाणे हुबेहूब. फी पूर्ण घेतली. भोकाबद्दल सूट नव्हती.

पंचांनी कागद पाहिला. कागदावर नाही ते गावात नाही, असं ठरलं. जुन्या नकला कुठे गेल्या, असं दिलावरला विचारलं, तर म्हणाला, "उंदरायनं खाल्ल्या." उंदरांना कोणी फी मागितली नाही. सकीनाबीची गाडी आता घरी उभी असते. कापूस ती डोक्यावर, नाल्याच्या काठानं फेरा घेऊन आणते.

शालिग्राम तेव्हापासून नीट झोपत नाही म्हणे. त्यानं मला पेटीतून काढून ओसरीच्या भिंतीवर लावलं आहे. आता मी कोणालाही फुकट पाहता येतो. पाहण्यासारखं होतं तेव्हा पेटीत होतो. चूक फीची, सुईची, की मी पुरेसा जाड नव्हतो याची, हे मला ठरवता येत नाही.

परवा सकीनाबी ओसरीवर थांबली. तिला वाचता येत नाही, पण तिनं भोकात बरोबर बोट घातलं. शालिग्राम उठून उभा राहिला.

"अठीच व्हती," ती म्हणाली, आणि डोक्यावरचं गाठोडं सावरून निघाली.

तुमच्या गावचा नकाशा कुठल्या पेटीत असेल, तर त्याला आजच पाहून घ्या. भांडून पाहा, पाया पडून पाहा. सुई त्याच्यावरही चालत असेल.