उघडून न पाहिलेला फोल्डर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे.

कृत्रिम डोळे घडवणाऱ्या एका बाईंच्या खोलीत मी अकरा वर्षं काम करतो. खिडकीशी त्यांचं टेबल, त्यावर चिमटे, केसाएवढे बारीक कुंचले, रंगांच्या बाटल्या, शेजारी मी. एक डोळा गमावलेलं माणूस आलं की बाई त्याच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्याचे फोटो काढत. कॅमेऱ्याचा प्रोग्राम ते फोटो माझ्या मुख्य ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवी. कोणता रंग कितव्या थरात दिला, याची बाईंची टिपणंही तिथंच. फोल्डरचं नाव प्रोग्रामनंच दिलेलं होतं, नुसती अक्षरं आणि आकडे. बाईंना ते वाचायची वेळच आली नाही, कारण प्रोग्राम उघडला की फोटो समोर येत.

नवा होतो तेव्हा बाई मला रोज मऊ फडक्यानं पुसत. आलेल्या माणसांना कौतुकानं माझा पडदा दाखवत. मग मी हळू झालो, ड्राइव्ह भरत आला, जागा संपल्याची लाल पट्टी दिसू लागली. बाईंनी थोरल्या भावाला बोलावलं. दादा म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले. खुर्चीत बसतानाच म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे.

त्यांनी ड्राइव्ह उघडला. ओळखीची नावं सोडली आणि अनोळखी दिसणाऱ्यांतले पाच-सहा फोल्डर निवडले. एकही उघडून पाहिला नाही. किती मोठा, कधीचा, कोणत्या प्रोग्रामचा, काही नाही. कचरापेटीतसुद्धा न टाकता कायमचं पुसणारी बटणं दाबली. मी विचारलं, नक्की पुसायचं का? माझा प्रश्न न वाचता त्यांनी 'होय' दाबलं. मी हुकमाचा ताबेदार, पुसलं. वर माझा वेग तपासायला म्हणून त्याच रिकाम्या जागेत त्यांनी दोन सिनेमे उतरवून घेतले! आजही ते आठवलं की माझा पंखा जोरात फिरू लागतो.

चार दिवसांनी एक निवृत्त बसचालक बायकोला घेऊन आले. त्यांचा कृत्रिम डोळा धुताना मोरीत वाहून गेला होता. तसाच दुसरा हवा होता. पण मधल्या वर्षांत त्यांच्या चांगल्या डोळ्यावरही पांढुरकी साय आली होती. त्याचा मूळ रंग आता कुठं राहिला असेल तर बाईंच्या फोटोत. बाईंनी प्रोग्राम उघडला. पडदा रिकामा.

त्यांनी दादांना बोलावून घेतलं.

"पुसायच्या आधी उघडून बघितलंस का?" बाईंनी विचारलं.

"अगं, नावच कसलं विचित्र होतं."

"नाव विचित्र म्हणून माणसाला घराबाहेर काढतोस का तू?"

बाईंचा आवाज चढला नव्हता, पण दादांनी मान खाली घातली. मला वाटलं, बोला बाई, अजून बोला. पण खरं सांगायचं तर माझा राग बाईंवरही आहे. अकरा वर्षांत त्या फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवू नये?

बाईंनी मला ताबडतोब बंद केलं, हे मात्र शहाणपणाचं. पुसलेलं त्याच जागी नवं लिहिलं जाईपर्यंत माझ्या आत उरतं; आणखी काही लिहिलं गेलं असतं तर उरलंसुरलंही गेलं असतं. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मावशींनी माझा ड्राइव्ह काढून दोन दिवस खपून निम्मे फोटो परत मिळवले. चालकांच्या फोटोचा वरचा अर्धा भाग आला, खाली नुसता राखाडी पट्टा. टिपणं गेली ती गेलीच.

मग मावशींनी बाईंना आणि दादांना शेजारी बसवून उरलेले अनोळखी फोल्डर दाखवले. आधी उघडायचं, आकार आणि तारीख बघायची. कोणत्या प्रोग्रामचा ते शोधायचं. प्रोग्राम नको असेल तर तो रीतसर काढायचा, नुसता फोल्डर उपटायचा नाही. मी ज्यावर चालतो त्या यंत्रणेच्या फोल्डरला हात लावायचा नाही. शंका आली तर प्रत बाहेर ठेवायची, मूळ फोल्डरचं नाव बदलायचं, म्हणजे तो लागणारा प्रोग्राम अडतो का ते कळतं, पंधरा दिवस काम करून बघायचं आणि काही अडलं नाही तरच पुसायचं. तसं केल्यावर तीन फोल्डर खरोखरच कचरा निघाले. एक तर कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा होता. ते गेले आणि कुणाचंच काही बिघडलं नाही.

चालकांचा डोळा बाईंनी अर्ध्या फोटोवरून रंगवायला घेतला. उरलेलं त्यांच्या बायकोनं शेजारी बसून सांगितलं. एवढा काळा नाही, कडेला थोडा मधासारखा, नाही, त्याहून फिका. पाच वेळा रंग खरवडला, पाच वेळा दिला. शेवटी डोळा बसवला. चालक आरशाशी नाक टेकेपर्यंत वाकले, पण त्यांना नीट दिसेना. त्यांनी बायकोला विचारलं, "जमलाय का?"

तिनं बराच वेळ बघितलं. "जवळपास," ती म्हणाली आणि हसली.

बाई मात्र हसल्या नाहीत. या खोलीतून 'जवळपास' म्हणून एकही डोळा कधी गेला नव्हता.

मित्रांनो, मी यंत्र आहे. सांगाल ते पुसतो, मला अडवता येत नाही. मला फक्त एकदा विचारता येतं. तेवढं तरी वाचत जा.