‘डिझेल’मधला मोठा ड्रम

आधीच सांगतो, लिहिण्यात चुका होतील. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, हे मला नीट कळत नाही. मोठे शब्दही येत नाहीत. शाळेत मी होतो, पण वर्गात कधी बसलो नाही, कपाटावर बसलो. आणि ती शाळाही लवकर सुटली. तेव्हा जमेल तसं साध्या शब्दांत सांगतो, सांभाळून घ्या.

मी ड्रम बोलतोय. शाळेच्या बँडमध्ये पोटावर बांधून वाजवतात ना, तो मोठा. वाकवलेल्या लाकडाचं गोल अंग, दोन्ही बाजूंना बकऱ्याचं कातडं आणि ते ताणून धरायला कडेनं बोल्ट. स्वतःहून मी कधी बोलत नाही. कुणी मारलं तर बोलतो. त्यामुळे आज असं आपणहून बोलताना जरा अवघड वाटतंय.

मिरजगावच्या एका शाळेत मी प्रभातफेरीला जायचो. मला उचलणारा पोरगा माझ्यापेक्षा बुटका असायचा. त्याला पुढचं काही दिसत नसे. एका पंधरा ऑगस्टला आम्ही दोघं सरळ उकिरड्यात गेलो आणि मागची सगळी रांग आमच्या मागोमाग आली. इतर दिवशी मी कपाटावर. तिथं ओल लागली, कातडं कुजलं, उंदरांनी कुरतडलं. शाळेनं मला मोडीत काढलं.

भंगारवाल्याकडून मला सम्राटनं आणलं. हे साल त्र्याण्णव असेल.

सम्राट टेम्पोची सीटकव्हरं शिवायचा. हायवेला एका गॅरेजच्या कडेला त्याचं मशीन होतं. बोलायला अगदी कमी. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर रेक्झिनच्या तुकड्याकडे बघून उत्तर द्यायचा. पण मशीन चालवताना त्याचा डावा पाय जमिनीवर वेगळाच ठेका धरायचा. त्या पायानंच मला आणलं असं मी म्हणेन.

त्यानं मला घरी नेलं, आणि तिथं पहिल्याच दिवशी अडलं.

त्याचे वडील कचरूबाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फाटक्या कातड्याकडे बघितलं.

“हे घरात न्हाई यायचं.”

“आबा, शाळंतला ड्रम हाय.”

“शाळंतला असू दे न्हाईतर विलायतंतला. माझा बाप मांडवाच्या भायेर उभा राहून डफडं वाजवायचा. आत पंगती उठायच्या, अन् ह्यो धुळीत. कुनी कधी बस म्हनलं न्हाई त्याला. छप्पन साली दीक्षा घेतली तवा त्यानं ते डफडं चुलीत घातलं. मी लहान हुतो, पर बघितलंय. त्या दिवसापास्नं ह्या घरात कुनी दुसऱ्यासाठी वाजवलेलं न्हाई.”

सम्राट ओट्यापासून मागं वळला. मला घराबाहेरच्या छपरीत ठेवलं. त्याच दिवशी त्यानं माझं कातडं उतरवून लांब टाकून दिलं. नवं कातडं त्याला मिळालं असतं, पण त्यानं आणलं नाही. टेम्पोच्या सीटचं काळं रेक्झिन घेतलं, दुहेरी शिवलं आणि माझ्यावर ताणून बसवलं. वाद्याच्या दुकानात हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

विमलबाई, त्याची आई, नवऱ्याला म्हणाल्या, “बघा, चामडं काढलं त्यानं. तुमच्यासाठी काढलं.”

“चामडं काढलं, वाजवनं तर न्हाई ना काढलं,” कचरूबाबा म्हणाले आणि ओट्यावरून उठून आत गेले.

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. फक्त सम्राट त्या आतल्या दाराकडे बघत उभा राहिला, ते मला बघवलं नाही.

रेक्झिनमुळे माझा आवाज बदलला. पूर्वी मी घुमायचो. आता नुसता धप्प. एखादं भरलेलं पोतं उंचावरून टाकावं तसा. सम्राटनं जुन्या टेम्पोचं क्लचचं पेडल आणून त्याला कपडा गुंडाळलेला हातोडा जोडला. मग तो मला गॅरेजवर नेऊ लागला आणि तिथं मी त्याच्या पायानं वाजू लागलो.

नॅथन आला तो या आवाजामुळे. नगरचा मुलगा, सुप्याला कारखान्यात लेथवर कामाला. रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा आणि तिथून निघाला की केस मोकळे सोडायचा. परदेशी बँडच्या कॅसेटी ऐकून ऐकून त्याला तसंच जड, जोराचं गाणं मराठीत करायचं होतं. मित्राच्या टेम्पोतून जाताना गॅरेजपाशी त्यानं मला ऐकलं आणि टेम्पो थांबवला.

“हे काय वाजतंय?”

“सीटकव्हर,” सम्राट म्हणाला.

नॅथन इतका हसला की खालीच बसला. पुढच्या रविवारी तो गिटार घेऊन आला, आणि जाड तारांची गिटार वाजवणारा योगेशही त्याच्याबरोबर आला. गॅरेज बंद असायचं, तिथंच तालीम व्हायची. बँडचं नाव ठेवलं ‘गिट्टी’. गाणी रस्त्याची होती. घाटात बंद पडलेली गाडी, पाण्याच्या टँकरची वाट बघणारं गाव, सुप्याची शिफ्ट. नॅथन ओरडून गायचा. पण त्या ओरडण्यात मला राग कमी आणि हाक जास्त ऐकू यायची.

घरून गॅरेज लांब नव्हतं. तालीम सुरू झाली की कचरूबाबा शेताकडे निघून जात. सम्राट दर वेळी वाजवताना घराच्या बाजूला एकदा बघायचा.

पंच्याण्णव साली नगरला रेकॉर्डिंग झालं. शिंप्याच्या दुकानाच्या वर काकासाहेब नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता. त्यानं आयुष्यभर भजनं आणि भारुडं रेकॉर्ड केलेली. मी पहिला ठोका दिला आणि त्याच्या मशीनचा काटा लाल रंगात जाऊन तिथंच अडकला.

“अरे बाबांनो, गाणं करायचंय का भिंत पाडायचीय?” काकासाहेब म्हणाले. “ह्या म्हशीला खोलीतून बाहेर काढा.”

मला जिन्यात ठेवलं. तरी आवाज मावेना. मग सम्राटनं माझं एक तोंड उघडलं आणि आईनं थंडीसाठी बरोबर दिलेली वाकळ माझ्या पोटात भरली. त्या वाकळेला चुलीचा आणि विमलबाईंच्या लुगड्याचा वास होता. असा वास पोटात घेऊन मी त्या सगळ्या गाण्यांत वाजलो. तेव्हा मला वाटलं होतं की आयुष्य असंच जाईल. आमच्यासारख्यांना एवढंच कळतं, जे चालू आहे ते चालू राहील.

कॅसेटचं नाव ‘डिझेल’. दुकानदारांनी ती घेतली नाही. एकानं घेतली ती देवांच्या गाण्यांच्या कॅसेटीत ठेवली, आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं घाबरून परत आणून दिली.

मग सम्राटनं आपल्या पद्धतीनं केलं. जो टेम्पोवाला नवं सीटकव्हर बसवून घेई, त्याच्या डेकमध्ये तो एक कॅसेट घालून द्यायचा. बोलायचा काही नाही. ड्रायव्हर निघायचा आणि दोन-चार गावं गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं की आज डोळा मिटत नाही. ज्या रेक्झिनवर तो बसला होता, तेच त्याला ऐकू येत होतं.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून ती कॅसेट पसरली. तिथं टेम्पोंची रांग लागते. एकानं लावली की शेजारचा विचारायचा, हे काय हाय. लोक म्हणायचे, म्हशी बुजतात पण ड्रायव्हर झोपत नाही. मग ड्रायव्हर दुकानात जाऊन मागू लागले. ज्या दुकानदारांनी नाही म्हटलं होतं, तेच सम्राटच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. मग पुण्याची कंपनी आली. मग कार्यक्रम. नगरला मैदान भरलं. मी त्या दिवशी स्टेजवर होतो, पण मला वाजवलं नाही.

कंपनीनं नवा ड्रमसेट दिला होता. चकचकीत लाल. माझं काही म्हणणं नाही, तो चांगला होता. सम्राटनं मला त्याच्या मागं उभं केलं होतं, ओळखीच्या माणसासारखं. कार्यक्रमानंतर त्यानं मला घरी आणलं, छपरीत ठेवलं आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाला, “येतो न्यायला.” मग ते तिघं पुण्याला राहायला गेले.

नगरच्या कार्यक्रमाला त्यानं वडिलांना बोलावलं होतं. विमलबाई गेल्या. कचरूबाबा गेले नाहीत.

तेव्हापासून मी इथं आहे. आमचं घर हायवेला लागून. दिवसातून कितीतरी वेळा मी स्वतःलाच रस्त्यानं जाताना ऐकतो. लांबून धप्प धप्प येतं, घरासमोरून जातं आणि सोलापूरकडे विरतं. तो माझाच आवाज. मला त्याला ओ देता येत नाही. मारणारा पाय पुण्यात आहे. सम्राट जयंतीला येतो, आईच्या हातचं जेवतो, छपरीत डोकावतो. बापलेक पावसाबद्दल बोलतात, ज्वारीबद्दल बोलतात. कॅसेटचा विषय निघत नाही. जाताना तो वडिलांकडे बघतो, आणि मला वाटतं आता विचारेल. विचारत नाही.

सुरुवातीला टेम्पो असा वाजत गेला की कचरूबाबा ओट्यावरून उठून आत जायचे. हल्ली उठत नाहीत. तंबाखू मळता मळता हात थांबतो, एवढंच.

परवा दुपारी एक टेम्पो आमच्या दारासमोरच पंक्चर झाला. ड्रायव्हर, गोरक्ष नाव त्याचं, पाणी मागायला आला. डेक चालूच होता.

“बस की,” कचरूबाबा म्हणाले आणि ओट्यावरच्या बाजेवर जागा केली.

गोरक्ष तांब्या रिकामा करून म्हणाला, “मामा, आवाज बारीक करू का? म्हाताऱ्या मानसांना हे सोसत न्हाई.”

“असू दे.”

“लई वाजवतो हो हा गडी. मला झोपू देत न्हाई. नगरला बघायला गेल्तो त्याला. लांबूनच बघितला.”

“लांबून का?”

“गर्दी हुती. पुढं जायला बघितलं, तर पोलिसानं मागं ढकललं. तो वर, आमी सगळे खाली धुळीत.”

कचरूबाबांनी त्याच्याकडे बघितलं. “तो वर हुता?”

“वर म्हंजे स्टेजवर. खुर्ची टाकून बसलेला.”

“बसून वाजवतो?”

“मग काय, मामा. आमदार उभं हुतं हार घेऊन, अन् हा बसल्याला.”

कॅसेटची दुसरी बाजू संपली, डेक खट्ट करून थांबला. गोरक्ष चाक बसवायला उठला.

“पहिल्यापास्नं लाव,” कचरूबाबा म्हणाले.

“मामा, तुमाला आवडलं?”

“माझा पोरगा हाय तो.”

गोरक्ष पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्यानं जाऊन कॅसेट उलटी केली. चाक बसवून झालं तरी गाणी संपेपर्यंत तो गेला नाही. कचरूबाबा बाजेवर ताठ बसून होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. एक बोटही हललं नाही. पण मी ड्रम आहे, हात कधी ऐकतात ते मला कळतं.

सम्राट, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर एक मागणं आहे. लाल ड्रम पुण्यातच राहू दे. मला पुण्याला नेऊ नकोस, स्टेजवर नेऊ नकोस. फक्त एकदा इथं ओट्यापुढं ये, खुर्ची टाक आणि पाय ठेव. ऐकणारा एकच असेल.

तो टेम्पो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कचरूबाबांनी मला छपरीतून बाहेर काढलं. फडक्यानं पुसलं. पक्कड आणून एकेक बोल्ट आवळला. कुठला आधी आणि कुठला मग, हे त्यांच्या हाताला बरोबर ठाऊक होतं. लहानपणी बापाला डफडं ताणताना बघितलं असणार. मग त्यांनी उजवा हात उचलला. तळवा माझ्या रेक्झिनपाशी आला आणि तिथंच थांबला.

“वाजवा की,” विमलबाई दारातून म्हणाल्या.

“माझं न्हाई ते. त्याचं हाय.” त्यांनी हात खाली घेतला. “फोन कर त्याला. म्हनावं, आबा ऐकायला बसनार हायेत.”

विमलबाई पदर सारखा करत एसटीडी बूथकडे निघाल्या. ऊन वाढत होतं. उन्हानं रेक्झिन सैल पडतं. त्या सकाळी मी ते सैल पडू दिलं नाही.