इद्रिसने जिंकलेला पूल

उस्मानी सुलतानांच्या काळातला तो दगडी पूल तोफा, उंट, पूर सगळं पचवून उभा होता. पण रुंदी एका ट्रॅक्टरपुरती, आणि कमान मधे एवढी उंच की पलीकडचं काही दिसत नाही. रिवाज असा, की माथ्यावर आधी पोचेल त्याने जायचं, दुसऱ्याने मागे हटायचं. त्या सकाळी शहराकडे निघालेला इद्रिस आणि शहरातून परतणारा त्याचा शेजारी बहत्तिन माथ्यावर नेमके एकदमच पोचले.

इद्रिसच्या ट्रॉलीत त्याची बायको झेकिये कळा देत होती. पहिलं बाळ दवाखान्याच्या वाटेवरच गेलं होतं.

"अहो, घ्या ना मागे!"

"का म्हणून? याच्या बापाने माझ्या बापाला इथेच मागे रेटलं होतं. आज नाही!"

"आधी मी पोचलोय," पिठाची पोती घेऊन आलेला बहत्तिन गुरगुरला.

झालं! दोन्ही काठांवरून माणसं जमली. कुणी चहा आणला, कुणी स्टूल. कुणाचं चाक पुढे ते, शहाणे लोक दोरी लावून मोजू लागले. एक म्हातारा तर म्हणाला, "सूनबाई, जरा हळू ओरड, मोजताना चुकतंय."

झेकियेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोजा मेल्यांनो! माझं थडगंही मोजून ठेवा!"

कठडा धरत ती उतरली, कशीबशी पलीकडे गेली आणि बहत्तिनच्या पोत्यांवर आडवी झाली. "भाऊ, आता मी तुमची पाहुणी. दवाखान्यात सोडा."

पाहुणीला नाही म्हणायची त्या मुलखात कुणाची छाती? बहत्तिनने ट्रॅक्टर मागे घेतला. "मी हटलो नाही हं! वहिनींना पोचवतोय!"

इद्रिस शाबासक्या घेत पुलावरच चहा पीत बसला. संध्याकाळी मिशीला पीळ देत तो दवाखान्यात उगवला. "हटवला की नाही त्याला? मुलगा ना? माझ्या बापाचं नाव ठेवू."

"ठेवून झालं," झेकिये म्हणाली. "बाळाच्या कानात अजान म्हणायला पुरुषमाणूस लागतो. तुम्ही पुलावर होता. ज्याने म्हटली, त्यालाच स्वतःचं नाव बाळाच्या कानात तीनदा सांगायला लावलं."

इद्रिसचा मिशीवरचा हात खाली आला. कानात सांगितलेलं नाव कोण बदलणार?

आता रोज जेवणाच्या वेळी इद्रिस अंगणात हाका मारतो, "बहत्तिन, ये रे राजा, ये!"

आणि कुंपणापलीकडून घोगरा आवाज येतो, "आलो, आलो!"