गेशेमावशीची पवनचक्की

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या गावातली वीज बनवणारी जुनी पवनचक्की काढायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी मोमेला एकच सल्ला दिला, "आधी गेशेमावशीला सांभाळ."

मोमे लोरेन्त्सन म्हणजे आमच्या पवनचक्की सहकारी मंडळाचा अध्यक्ष. गेशेमावशी त्याची शेजारीण. वय ऐंशीच्या घरात, पण समुद्राच्या बांधावर मेंढ्या अजून स्वतः चारते. चक्की उभी राहत होती तेव्हा तिने अख्खा कळप आणून क्रेनसमोर उभा केला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे सकाळी 'मोइन' एवढा नमस्कार, आणि तोही तोंड वाकडं करून.

बैठक अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती. गावची सरपंच म्हणून मीच सगळं समजावून सांगितलं. ब्रसेल्सहून आलेल्या युरोपीय संघाच्या नव्या धोरणामुळे परवाने आता लवकर मिळणार होते. जुन्या चक्कीच्या जागी लांब शेतात एक मोठी चक्की येणार, वीज कितीतरी जास्त. सोबत एक भलीमोठी बॅटरी. वारा भरपूर, पण वीज वाहून न्यायला तारांमध्ये जागा नाही म्हणून चक्की थांबवून ठेवायची, हा तमाशा बंद होणार होता.

गेशेमावशी उठली. "माझा विरोध आहे."

मोमेने कपाळाला हात लावला. "आता काय झालं, मावशी? नवी तर तुमच्या घरापासून लांब आहे."

"नवीला कोण विचारतंय? जुनी काढायला विरोध आहे."

हॉलभर हशा पिकला. मोमे म्हणाला, "अहो, तुम्ही तर तिला राक्षसीण म्हणायचात!"

"अजून म्हणते. पण माझी राक्षसीण आहे ती. रोज उठून तिचं तोंड कुठे आहे, म्हणजे वारा कुठून येतोय, ते बघते आणि मग मेंढ्या कुठे न्यायच्या ते ठरवते. आमचे हे गेले, त्या हिवाळ्यात घरात आवाज होता तो फक्त तिचा."

मोमेने हातातले कागद खाली ठेवले.

पण चक्की घरांच्या फार जवळ होती. ती तिथे ठेवणं नियमात बसत नव्हतं. मोमे काही दिवस फोनला चिकटून होता. मग तो स्वतः मावशीच्या दारात गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मावशी, ती भंगारात जाणार नाही. रुमेनियातल्या एका गावाला हवी आहे. तिथल्या एक बाई स्वतः पाहायला येतायत."

त्या बाई म्हणजे रोदिका. हॅम्बुर्गमध्ये नोकरी केलेली, त्यामुळे जर्मन फाडफाड बोलायची. चक्की राहिली बाजूला, मावशीने आधी तिलाच बसवून घेतलं. मुलीचं स्थळ पाहावं तशी चौकशी सुरू झाली.

"वंगण वेळेवर घालाल?"

"घालू."

"थंडीत कुरकुरते हं. लगेच नावं ठेवायची नाहीत."

"आमची सासूही कुरकुरते," रोदिका म्हणाली. "सवय आहे."

"वीज कशाला लागते तुम्हाला?"

"दूध थंड ठेवायला. चीज करतो आम्ही."

"गाईचं?"

"मेंढीचं."

मावशी मोमेकडे वळली. "मग आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

चक्की उतरवली त्या दिवशी मावशीने आलुबुखाराचा मुरंबा आणि साय भरलेला केक केला होता. पाती एकेक करून खाली आली. तिसरं पातं जमिनीला टेकलं तेव्हा तिने मान फिरवली. मोमेने तिच्या हातातलं ताट घेतलं आणि रम घातलेल्या कॉफीचा पेला तिच्या हातात दिला.

"जास्त घातलीस," ती म्हणाली, आणि सगळी प्यायली.

नवी चक्की शरद ऋतूत फिरायला लागली. त्याच आठवड्यात गेशेमावशी मंडळाची सभासद झाली. आता प्रत्येक बैठकीत ती पहिल्या रांगेत बसते आणि बॅटरीला उशीर का होतोय म्हणून मोमेला फैलावर घेते. मोमे कुरकुरतो, पण तिची खुर्ची तोच मांडून ठेवतो.