पाच पांढरे गुच्छ

भाऊ गेले त्याला आठवडा झाला आणि वहिनींनी फुलांचं दुकान उघडलं. शटर अर्धं वर गेलं की अडकायचं, ते भाऊ खांद्याने रेटायचे. वहिनींनीही खांद्यानेच रेटलं. आत बादल्यांतलं पाणी हिरवं होऊन वास मारत होतं. त्यांनी बादल्या घासल्या, सकाळी आलेला माल उतरवून घेतला, देठं तिरकी कापली, खालची पानं ओरबाडली आणि फुलं पाण्यात सोडली. हात आपलं काम करत होते. वहिनी नुसत्या त्यांच्या मागे उभ्या होत्या.

सगळी गल्ली त्यांच्या नवऱ्याला भाऊ म्हणायची, म्हणून या वहिनी. भाऊ बोलण्यात पटाईत. एक गुलाब घ्यायला आलेला माणूस दहा घेऊन जायचा आणि वर भाऊंचेच आभार मानायचा. वहिनी मागच्या टेबलापाशी. गुच्छ बांधायच्या त्या, कार्डांवरचा मजकूर सुंदर अक्षरात लिहायच्या त्या, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी नाव भाऊंचं. त्याबद्दल त्यांनी कधी ब्र काढला नव्हता. खरं म्हणजे त्यांना ते सोयीचंच होतं. चार लोकांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं.

गल्ल्याशेजारी ऑनलाइन कंपनीचा टॅबलेट असे. भाऊंनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘जावई’. बसल्या जागी वाटा घेतो, वर मान मागतो, आणि हाक मारली की सात मिनिटांत ओ द्यावी लागते, नाहीतर रुसतो. लोक कंपनीच्या साइटवर फोटो बघून फुलं मागवत, कंपनी ती ऑर्डर सगळ्यांत जवळच्या दुकानाकडे ढकलून देई. दुकानाने फोटोबरहुकूम गुच्छ बांधायचा, कंपनीची रिबन लावायची, नेऊन पोचवायचा, आणि आपलं नाव मात्र कुठे सांगायचं नाही. महिन्यात तीन नकार झाले की दुकान यादीतून बाहेर. भाऊ इस्पितळात होते त्या दोन दिवसांत दोन नकार झालेच होते, नंतर आठवडाभर तो बंदच करून ठेवला होता. जावयाला कारण सांगायची सोय नव्हती.

नणंद रोज फोन करायची. एकटीने कशाला उरावर घेतेस, सोड ते दुकान आणि माझ्याकडे ये, असं तिचं म्हणणं. जागामालकानेही शनिवारपर्यंत काय ते सांगा म्हटलं होतं. त्याच्या दाराशी मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण टपून बसला होता. वहिनींनी मनाशी एवढंच धरलं होतं, की दारातून येणारी जुनी माणसं आली तर राहायचं. जावयाच्या एकट्याच्या जिवावर दुकान चालत नाही, आणि चाललं तरी ते आपलं राहत नाही. माणसं आली नाहीत तर ती भाऊंची होती, भाऊंबरोबर गेली. मग चावी देऊन मोकळं व्हायचं.

सोमवारी कोणी आलं नाही. समोरचा औषधवाला दिवसभर काचेतून इकडे बघत होता, आणि नजरानजर झाली की लगबगीने बाटल्या नीट लावत होता. सलूनवाली रोज पायरीवर उभी राहून भाऊंची थट्टा करायची, ती त्या दिवशी पलीकडच्या फुटपाथवरून गेली.

मंगळवारी अकराच्या सुमाराला जावयाने हाक मारली. गुच्छ क्रमांक बारा, सांत्वनासाठी, संपूर्ण पांढरा. वहिनींनी पत्ता वाचला आणि परत वाचला. इमारत त्यांची, मजला त्यांचा, दार त्यांचं. पाठवणारा औषधवाला. वीस पावलं चालून येण्याऐवजी या गृहस्थाने सगळ्या जगाला वळसा घालून त्यांच्याच दुकानातून त्यांच्याच घरी फुलं पाठवली होती, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. कंपनीची फुलं कंपनीकडून येतात, एवढंच लोक धरून चालतात.

सातातली तीन मिनिटं गेली. नाही म्हटलं तर तिसरा नकार. वहिनींनी ‘हो’ दाबलं.

फोटोत होत्या तेवढ्याच लिली घेतल्या, तेवढेच गुलाब. लिलीच्या आतले पिवळे तुरे चिमटीने काढले, नाहीतर घेणाऱ्याच्या कपड्यांना डाग पडतात. घेणारी आपणच आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, तरी त्यांनी सगळे तुरे काढले. मग कार्ड लिहिलं, दाराला ‘लगेच येते’ची पाटी अडकवली आणि गुच्छ कडेवर धरून घरी गेल्या. आपल्याच दारात तो ठेवून नियमाप्रमाणे फोटो काढला.

पुढे कोड हवा होता. कोड घेणाऱ्याच्या फोनवर येतो, आणि या घराचा म्हणून लोकांना एकच नंबर माहीत होता, भाऊंचा. तो फोन कपाटावर चार्जरला तसाच लावलेला होता. रोज रात्री आपणच तो लावतो आहोत, हे वहिनींना तेव्हा कळलं. त्यांनी चार आकडे वाचले आणि आपल्या फोनमध्ये टाकले. भाऊंच्या फोनवर लगेच प्रश्न आला, फुलं आवडली का? वहिनींनी पाचही चांदण्या दाबल्या, कारण चार दिल्या की कंपनी कारण विचारते.

बुधवारी असे आणखी तीन गुच्छ झाले. सलूनवालीचा, शिंप्याचा, आणि दर शुक्रवारी बायकोसाठी गुलाब नेणाऱ्या बँकेच्या रोखपालाचा. गुरुवारी गणिताच्या बाईंचा. सगळी दारातली माणसं, सगळी जावयाच्या वाटेने आलेली. घरात फुलदाणी एकच, म्हणून बाकीचे गुच्छ वहिनींनी पातेल्यांत आणि पाणी तापवायच्या बादलीत ठेवले. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. या लोकांनी इतक्या लवकर आपलं दार सोडलं याचा राग यायला हवा होता, तोही आला नाही. दात काढल्यावर गाल असतो तसं सगळं होतं, चावलं तरी कळत नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी नणंदेला फोन करून सांगून टाकलं, येते.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला गणिताच्या बाई दारात उभ्या राहिल्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांना यांनी पाढे शिकवलेले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी समोरच्याला फळ्यापाशी बोलावल्यासारखंच बोलायच्या. आज मात्र पायरी चढताना अडखळत होत्या. आधी तब्येतीचं विचारलं, मग झोप लागते का ते, मग जेवणाचं. वहिनी हो-नाही करत राहिल्या.

“माझी फुलं पोचली ना?” शेवटी बाईंनी विचारलं.

“पोचली.”

“बरी होती? मी मुद्दाम इथे आले नाही हो. तुमच्याच माणसासाठी तुम्हालाच फुलं बांधायला सांगायची, हे तोंडातून निघेल का? आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, वहिनींना त्रास नको, बाहेरून मागवू.”

वहिनींना तेव्हा उमगलं. म्हणजे माणसं गेली नव्हती. आपला पाय लागून कोणाला दुखू नये म्हणून बाजूला सरकून उभी होती, आणि सगळ्यांनी एकदमच सरकायचं ठरवल्याने दार ओस पडलं होतं.

बाई पुढे सांगत होत्या, की आता काही महिने त्या तिकडूनच मागवतील, बाकीच्यांनाही तसं सांगितलं आहे, वहिनींनी सावकाश घ्यावं. भाऊ असते तर एव्हाना हसत हसत सगळा घोळ सांगून बाईंना दोन गुच्छ विकून मोकळे झाले असते. भाऊ नव्हते. गल्ल्यापाशी त्या एकट्याच होत्या.

“बाई, ती फुलं इथूनच गेली,” वहिनी म्हणाल्या. “कंपनीचं दुकान कुठे नसतंच. तुमचा गुच्छ मीच बांधला. पाचही मीच बांधले आणि मीच घरी नेले.”

बाईंनी गल्ल्याची कड धरली. मग बादल्यांकडे वळून बघितलं.

“आणि कार्ड?”

“तेही मीच लिहिलं.”

“मी पाठवलेलं सगळं?”

“सगळं नाही. कार्ड लहान असतं, चार ओळींवर मावत नाही. जास्त झालं की सगळेच जे लिहितात, ते मी गाळते. पहिल्यापासून तसंच करते.”

“माझं काय गाळलंत?”

“तुम्ही एकट्या नाही आहात, हे.” वहिनींचा आवाज इथे हलला, तो त्यांना सावरता येईना. “पाचही जणांनी तेच लिहिलं होतं, बाई. मी पाचही ठिकाणी गाळलं.”

 बाईंनी पिशवी खाली ठेवली, गल्ल्याला वळसा घालून आत आल्या आणि भाऊंचं स्टूल ओढून बसल्या. वहिनी कात्री हातात धरून रडत होत्या. पदराला हात पुसत होत्या आणि पुन्हा रडत होत्या. बाईंनी त्यांना रडू दिलं. समोरची गुलाबांची जुडी मांडीवर घेऊन न विचारताच पानं ओरबाडायला सुरुवात केली. काम त्यांना मुळीच येत नव्हतं, चार-पाच देठं मोडलीच. जावयाने मध्ये दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा वहिनींनी डोळे पुसून ‘हो’ दाबलं.

दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा बाई उठल्या. उद्या शनिवार होता, जागामालकाला काय ते सांगायचा दिवस.

“उद्या किती वाजता उघडता?” त्यांनी विचारलं.

“साडेआठला,” वहिनी म्हणाल्या.