पाणी राहू दे

झिनाइदाने तळघरातल्या मोठ्या नळावर पाना बसवला, पाय रोवले आणि ती दोन्ही हातांनी जोर लावणार, तेवढ्यात मागच्या पायऱ्यांवरून टॉर्चचा उजेड तिच्या पाठीवर पडला.

“थांब, झिना. हात काढ तिथून.”

अकिम पेत्रोविच होते. चाळीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभे राहिलेले आणि आता या पाच मजली इमारतीचे कारभारी. ओव्हरकोटाखालून त्यांच्या पायजम्याच्या कडा दिसत होत्या.

“हुकूम आहे, अकिम पेत्रोविच. सगळ्या रस्त्यावरच्या इमारतींच्या रेडिएटरांतलं पाणी काढून टाकायचंय. पारा उणे बाराच्या खाली जाणार म्हणतायत. पाइपांत पाणी राहिलं तर गोठेल आणि पाइप फुटतील.”

“आणि उद्या गॅस येऊन बॉयलर पेटला तर?”

“आला तर परत भरू.”

“भरायला तुमची माणसं कुठायत? तू एकटी. आठवडा लागेल तुला.” ते दोन पायऱ्या खाली आले. “आणि पाणी काढून टाकलं म्हणजे काय, कळतंय का तुला? गॅस येणार नाही, हे आपण आपल्या तोंडानं कबूल केलं. मॉस्को आपल्याला असं वाऱ्यावर सोडणार नाही.”

“सोडलेलं नाही हो. पत्ता हरवला असेल फक्त.”

ते हसले नाहीत. तिलाही हसू आलं नाही. दिवसभरातली ही अकरावी इमारत होती. तिचे हातमोजे ओले होऊन कडक झाले होते. हाताखालचे फिटर केव्हाच पोलंड-जर्मनीला निघून गेले होते. उरलेली ही बावन्न वर्षांची बाई एका पिशवीत पाने घेऊन शहरभर तळघरांतून हिंडत होती.

नववर्षाच्या पहाटे युक्रेनमधून येणारा रशियन गॅस थांबला, तेव्हापासून रिब्नित्सा गारठलेलं होतं. वीजही दिवसातून दोनदा जायची. अंगणात विटांच्या चुली मांडून बायका रांधत होत्या. नदीपलीकडे रेझिना शहर मात्र उजळलेलं दिसे. तो काठ किशिनाऊच्या सरकारचा, हा काठ त्यापासून फुटून मॉस्कोच्या आधाराने चालणाऱ्या तिरास्पोलचा. युरोप गॅस द्यायला तयार आहे म्हणे, पण अटींवर अडलंय, असं रोज कोणीतरी सांगायचं. झिनाइदाच्या हातात या सगळ्यातला एक नळ तेवढा होता.

“माझं ऐकू नकोस,” अकिम पेत्रोविच म्हणाले. “वर पाचव्या मजल्यावर अग्रिपिना आहे, तिला जाऊन सांग. तुझा हा हिवाळा असाच जाणार म्हणून सांगून ये. मग खुशाल काढ पाणी.”

झिनाइदा वर गेली. का गेली, हे तिने पुढे स्वतःला अनेकदा विचारलं. नळ तिच्या हाताशी होता आणि म्हाताऱ्याला बाजूला सारायला फार ताकद लागली नसती.

अग्रिपिना मावशी शरदात पडली होती, तेव्हापासून पलंगावरच होती. शेजारची गाल्या सकाळ-संध्याकाळ येऊन तिचं बघायची. डोक्याला लोकरी रुमाल, अंगावर तीन पांघरुणं. वीज होती, म्हणून पायाशी छोटा हीटर लाल होऊन बसला होता. झिनाइदाला बघताच तिने उशीखालून हात काढला.

“तू आलीस? मग आता लवकरच गरम होणार.”

“मावशी, बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीये? हे बघ.” तिने पलंगालगतच्या रेडिएटरवर तळवा ठेवला. “थंड आहे, पण आत पाणी आहे. रात्री ऐकू येतं मला, मधूनच गुडगुडतं. आउरिकाला सांगितलं मी फोनवर, पोरी, आपलं घर अजून जिवंत आहे म्हणून. बाकीच्या घरांचं पाणी काढलंस ना तू?”

“काढतेय.”

“आमचं राहू दे हं. म्हणजे ऊब आधी आमच्याकडे येईल.”

झिनाइदाने पांघरुणाची कड तिच्या खांद्याखाली खोचली. मग उगाचच तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा करत राहिली.

खाली येऊन तिने नळावरचा पाना काढून पिशवीत टाकला. अकिम पेत्रोविचनी टॉर्च धरला. त्या उजेडातच तिने वहीत इमारतीचा क्रमांक लिहिला आणि त्यापुढे, बाकीच्या दहांपुढे लिहिलं होतं तेच लिहिलं : पाणी काढले. खाली सही केली.

“दोन दिवसांत गॅस येईल,” ते म्हणाले. “बघशील तू.”

“उद्या येऊन बघते मी. थंडी वाढली तर पाणी काढायलाच लागेल.”

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाकडच्या रस्त्यावर पाइप फुटला. सगळा दिवस तिथेच गेला. त्याच्या पुढचा दिवस शाळांमागे गेला. पारा उणे चौदावर आला.

इमारतीच्या माळ्यावरचा पाइप तिसऱ्या दिवशी दुपारी फुटला. सगळ्या इमारतीचं पाणी नव्हतं ते. माळ्यावरच्या जुन्या टाकीतलं आणि आडव्या पाइपांतलं होतं; तळघरातला नळ उघडला असता, तर तेही निघून गेलं असतं. पण पाचव्या मजल्याच्या छतातून पलंगावर पडायला तेवढं पुरेसं होतं. वीज गेलेली होती. फोन बंद पडला होता. अग्रिपिना मावशीने भिंतीवर वाजवलं असेल, तर पलीकडचं घर वर्षभरापासून रिकामं होतं. गाल्या संध्याकाळी आली, तेव्हा गादी चिंब झाली होती. मावशी डोळे उघडे ठेवून पडली होती. ती इतकंच म्हणाली, “आलं गं पाणी.”

सहाव्या दिवशी ती न्यूमोनियाने गेली.

मावशीच्या लेकीला, आउरिकाला, इटलीहून पोचायला तीन दिवस लागले. ती पादोव्यात एका म्हातारीच्या घरी राहून तिचं सगळं करायची. अकरा वर्षं झाली होती. दफन झालं त्याच सकाळी युरोपच्या पैशाने दहा दिवसांपुरता गॅस शहरात आला. वस्तीचा बॉयलर झिनाइदानेच पेटवला. ज्योत निळी झाल्याची खात्री केली, हात धुतले आणि ती तशीच दफनभूमीकडे गेली. थंडी ओसरल्यापासून तिने रोज दोन-तीन करत पुन्हा पाणी भरलेल्या, रस्त्यावरच्या दहा इमारतींत दुपारपर्यंत उष्णता पोचली. या इमारतीत पोचणार नव्हती. माळ्यावरचे आणि दोन जिन्यांतले पाइप उभे चिरले होते.

जेवण अग्रिपिना मावशीच्याच घरात होतं. कोट घालूनच सगळे बसले. छतावर पिवळा डाग पसरला होता. अंगणातल्या चुलीवर केलेले, कोबीच्या पानांत गुंडाळलेले सरमाले, गव्हाची गोड कोलिव्हा, घरची वाइन. दुसऱ्या पेल्यानंतर आवाज चढले.

“कीव्हनं नळ बंद केला. म्हातारीला कीव्हनं मारलं.”

“आणि दुसऱ्या वाटेनं पाठवायला मॉस्कोचे हात कुणी बांधले होते रे?”

“किशिनाऊला काय, आपण मेलेलोच बरे.”

“युरोपचं बोला की! महिनाभर कागद हलवत बसले. आज आला ना गॅस? मग दहा दिवस आधी काय झालं होतं?”

“आपल्या तिरास्पोलच्या साहेबांना विचार. त्यांच्या घरात होतं हो गरम.”

पाहणीला आलेल्या समितीनेही तेच लिहिलं होतं : गॅसपुरवठा खंडित झाल्यामुळे. वहीतली सही पाहून एकाने झिनाइदाला म्हटलंही होतं, तुम्ही तुमचं काम केलं होतं बाई, जुने पाइप, कुठेतरी पाणी राहतंच.

अकिम पेत्रोविच टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी घास घेतला नव्हता. एकाने त्यांना विचारलं, “तुम्ही सांगा, कुणाचा दोष?” ते उठले, टोपी उचलली आणि कुणाकडेही न बघता जिना उतरून गेले.

झिनाइदा ताटं गोळा करून स्वयंपाकघरात गेली. आउरिका तिथे पातेल्यातल्या कोमट पाण्यात पेले विसळत होती.

“आउरिका, मला बोलायचंय.”

“नंतर बोल ना, झिना. जेवलीस का तू?”

“नंतर नाही जमणार मला.” तिने ताटं खाली ठेवली. “गॅस वगैरे राहू दे. मी पाणी काढलंच नव्हतं. नळावर पाना लावला होता आणि काढून घेतला. वहीत खोटं लिहिलं.”

आउरिकाने हातातला पेला पालथा घातला. दुसरा उचलला.

“माहितीये मला.”

“अकिम पेत्रोविच बोलले?”

“आईच बोलली. त्याच रात्री, फोनवर. इतकी खूश होती! झिनानं आपलं पाणी ठेवलं म्हणाली.” तिने हा पेलाही पालथा घातला. “अकरा हिवाळे मी त्या म्हाताऱ्या सिन्योरेचं घर सांभाळतेय. थंडी पडायच्या आत तिथल्या अंगणातले नळ मी स्वतः रिकामे करते. मला कळायला नको होतं? मी म्हटलं, बरं झालं आई. आधी आपल्याकडे येईल.”

बाहेर कुणीतरी पुन्हा मॉस्कोचं नाव घेतलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“मी कुणाला सांगणार नाही,” आउरिका म्हणाली. “तूही सांगू नकोस. सांगून काय, ते ऐकणारेत थोडेच?”

झिनाइदाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

“कधी जाणार?”

“गुरुवारी. म्हातारी एकटीच आहे तिकडे.”

निघताना आउरिकाने सगळ्यांना रिवाजाप्रमाणे मेलेल्या माणसाच्या नावाने काही ना काही दिलं. कुणाला पंचा, कुणाला गोल पाव आणि मेणबत्ती. झिनाइदाच्या हातात तिने एक घडी केलेलं लोकरी पांघरूण ठेवलं.

“आईचं. धुतलंय मी. पण या घरात वाळेना.”

असं दान घेताना म्हणायचे शब्द ठरलेले असतात : देव तिला क्षमा करो. झिनाइदाने दोन्ही हात पुढे केले. पांघरूण पाण्याने जड झालं होतं.

“देव क्षमा करो,” ती म्हणाली. कुणाला, ते तिच्या तोंडून निघालं नाही, आणि आउरिका त्यासाठी थांबलीही नाही.

झिनाइदाचं स्वतःचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार उघडताच उबदार हवा तोंडावर आली. कोट न काढताच ती खिडकीपाशी गेली, पांघरूण उलगडलं आणि रेडिएटरवर पसरलं. थोड्या वेळाने लोकरीतून वाफ निघायला लागली. ती समोर स्टुलावर बसून राहिली. एक बाजू वाळली की उठून दुसरी करत होती.